सेलू ते बोरीबंदर, मे 1913

आधी डोकं झाका. फेटा, पागोटं, गोल टोपी, जे मिळेल ते चालेल. उघड्या डोक्याने 1913 सालात पाऊल टाकलंत, तर सेलूच्या फलाटावरच एखादी म्हातारी गहिवरून विचारेल, "बाबा, घरातलं कोण गेलं?" बाई असाल तर पदर नीट खोचून डोक्यावर घ्या आणि जनाना डबा कुठे लागतो ते आधीच विचारून ठेवा. मोबाइल, मनगटी घड्याळ, चेनची पिशवी इथेच सोडा. बरोबर गोणपाटाची वळकटी, पितळी तांब्या आणि फडक्यात बांधलेले धपाटे, दशम्या, ठेचा, कांदा घ्या. मेचं ऊन आहे, तांब्या भरूनच निघा.

आता पैशांचं ऐका. सेलू निजामाच्या मुलखात आहे. इथे कागदोपत्री साल फसली 1322 आणि रुपयाही वेगळा. त्याला हाली सिक्का म्हणतात. त्यावर चारमिनार आहे, दिसायला देखणा आहे, पण मुंबईत त्याला कुत्रं विचारत नाही. तिथे इंग्रजी रुपया लागतो, म्हणजे कलदार. सात हाली मोजले की साधारण सहा कलदार हातात येतात, आणि सराफ वरून बट्टा कापतो तो निराळा. कुरकुरू नका. रुपया दगडावर आपटून त्याचा आवाज ऐका आणि कनवटीला लावा. हा आवाज ऐकायची सवय ठेवा, कारण पुढचे दोन दिवस प्रत्येक दुकानदार तुमच्यासमोर तेच करणार आहे.

फलाटावर उभं राहायला जागा शोधावी लागेल. हंगाम संपत आला असला तरी कापसाच्या गाठी अजून पडून आहेत. गोणपाटात दाबलेल्या, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या. पट्ट्या दिवसभर उन्हात तापल्यात, हात लावाल तर चटका बसेल. सरकीचा तेलकट वास, इंजिनाच्या कोळशाचा वास आणि गाठीवर बसलेल्या हमालाच्या चिलमीचा वास एकत्र येतो. कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगतात आणि घामाने गालाला चिकटतात. त्यातली एखादी गाठ नीट बघून ठेवा. तीही मुंबईलाच निघाली आहे. तिला धक्काबुक्की नाही, तिकीट नाही, आणि तिची वाट बघणारे लोक तुमच्या वाट बघणाऱ्यांपेक्षा खूप जास्त आहेत.

गाडी आली. छोटी आहे, मीटर गेजची. हा मार्ग मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत टाकून फार वर्षं झालेली नाहीत. गावातल्या म्हाताऱ्यांना अजून बैलगाडीचे पल्ले पाठ आहेत. तिसऱ्या वर्गाचा डबा म्हणजे लाकडी फळ्या आणि माणसांवर माणसं. शेजारच्याच्या मांडीवर कोंबडी आहे, तिचे पाय बांधलेत, पण चोच मोकळी आहे. जपून बसा. डब्यात संडास असेलच असं धरून चालू नका, असला तर नशीब. खिडकीतून बाहेर डोकावू नका, कोळशाची कणी डोळ्यात गेली की परतूरपर्यंत डोळा चोळत बसाल.

रात्र पडते, तशी हवा जरा निवते. दिवा मिणमिणता, चेहरे अर्धेच दिसतात. कोणी तंबाखू मळतो, कोणी लग्नाच्या मानापमानाचं रडगाणं गातो, कोणी उर्दू अर्जाचं भेंडोळं छातीशी धरून झोपलाय. प्रत्येक स्टेशनावर आरोळी येते, "हिंदू पानी! मुसलमान पानी!" एकाच विहिरीचं पाणी दोन बादल्यांत. तांब्या पुढे करताना तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. डब्यात दुसऱ्या कोणालाच होणार नाही. जालना मागे पडतं, औरंगाबाद येतं. तांबडं फुटतं तेव्हा दौलताबादचा किल्ला खिडकीत उभा असतो आणि तुमची मान अवघडलेली असते.

मनमाडला उतरा. उतरावंच लागतं, कारण निजामाचे रूळ इथे संपतात. आपल्या रुळांमधलं अंतर एक मीटर, पलीकडच्या रुळांमधलं साडेपाच फूट. म्हणून माणसं वळकट्या घेऊन पळतात आणि गाठी हमालांच्या पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात जातात. हमालांचे खांदे बघा, पट्ट्यांनी घट्टे पडलेत. मुंबईकडची एक गाठ साधारण 392 पौंडांची धरतात, म्हणजे पावणेदोनशे किलोंच्या पुढे. दोघे-चौघे मिळून ती लोटतात, ओरडतात, मध्येच कोणाच्या तरी आईचा उद्धार करतात आणि पुन्हा लोटतात.

पुढची गाडी मोठी, इंजिन मोठं, गर्दीही तिच्या मापाची. नाशिकला गंगेला, म्हणजे गोदावरीला, जाणारे उतरतात, तेवढी मांडी घालायला जागा होते. इगतपुरीला हवा अंगाला गार लागते. मग घाट. बोगद्याची शिट्टी झाली की खिडक्या धडाधड पडतात. ज्याला उशीर झाला त्याच्याकडे सगळा डबा रागाने बघतो, कारण आता डब्यात अंधार आहे, धूर आहे आणि एक रडणारं पोर आहे. घाट उतरलात की कातडीला कळतं, मुलूख बदलला. सेलूचं ऊन भाजतं, पण घाम वाळवतं. इथलं ऊन घाम काढतं आणि तसाच अंगावर ठेवतं. सदरा पाठीला चिकटला, तो आता परत येईपर्यंत सुटायचा नाही.

ठाणं, मग कुर्ला. मिठागरं लागतात, खाऱ्या चिखलाचा वास येतो, आणि शीवला खाडी ओलांडली की तुम्ही बेटावर आलात. कोणी सांगणार नाही, पाटीही नाही. कधीकाळी सात बेटं होती, मधली भरती थोपवून माणसांनी ती एक केली. मग दोन्ही हातांना गिरण्यांच्या चिमण्या सुरू होतात. धुराने आकाश खरकटं झालंय. सेलूकडच्या कापसापैकी काही इथेच उतरतो आणि त्याचं सूत होतं. पुरुषांचा दिवस बारा तासांचा, त्याहून जास्त राबवू नये असा कायदा गेल्या वर्षीच लागू झाला, आणि त्याची लोकांना अपूर्वाई आहे. बारा तासांची!

बोरीबंदर. कागदावर व्हिक्टोरिया टर्मिनस, पण व्हिक्टोरियावाल्याला तसं सांगाल तर तो भाडं वाढवेल. बोरीबंदरच म्हणा. बाहेर येऊन मागे वळा आणि मान वर करा. घुमट, कमानी, दगडात कोरलेले मोर, माकडं, पानंफुलं. फाटकावर एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. तोंड उघडं टाकून बघत बसू नका, खिसेकापूंना तीच खूण पुरते. कनवट चाचपा.

आता एक गंमत. स्टेशनातलं घड्याळ आणि शहरातली घड्याळं जुळत नाहीत. रेल्वेने काही वर्षांपूर्वी साऱ्या हिंदुस्थानची एकच वेळ घेतली. मुंबई म्हणाली, आमचा सूर्य आमच्या वेळेने उगवतो. शहराचा 'बॉम्बे टाइम' रेल्वेच्या 39 मिनिटं मागे चालतो. शंभरावर वर्षं मागे आलाच आहात, आणखी 39 मिनिटांनी काही बिघडत नाही. परतीची गाडी पकडताना मात्र विचारा, "कोणत्या घड्याळाने?" हे न विचारता गाडी चुकलेली माणसं फलाटावर रोज बसलेली असतात.

राहायची सोय गिरगावात. गावाकडच्या कोणाच्या तरी भाच्याची चाळीत एक खोली आहे, आणि मुंबईत तेवढी ओळख पुरते. जिना लाकडी, अंधारा, कठडा घामाने गुळगुळीत झालेला. खोलीत आधीच सातजण आहेत, तुम्ही आठवे. कोणी कपाळाला आठी घालत नाही, फक्त वळकटी ठेवायला खिळा दाखवतात. चुलीवर भात रटरटतोय, शेजारी कोणी बोंबील भाजतंय, त्यावर पलीकडच्या खोलीतून तक्रार येतेय आणि या खोलीतून तिला उत्तर जातंय. भाकरी विचारू नका, भात वाढतील. तुम्ही फडक्यातला ठेचा काढा. अर्ध्या चाळीला तो पुरवावा लागेल.

आणि नळ. मजल्याच्या टोकाला पितळी तोटी आहे. फिरवा. तानसाच्या तलावातून, कित्येक मैलांवरून नळांनी आलेलं पाणी घागरीत पडतं. आड नाही, पोहरा नाही, हाताला दोर नाही. तुम्ही ती दोनदा उघडाल, दोनदा बंद कराल. मागे रांगेत उभी असलेली बाई म्हणेल, "पाहुणे, करमणूक झाली असली तर घागर भरू द्या." रांगेत भांडण आहे, पण त्यालाही शिस्त आहे. कोणाची घागर कोणाच्या मागे, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं.

रात्री खोलीत झोपायचा विचार करू नका. पुरुषमंडळी गॅलरीत, गच्चीवर, फुटपाथवर पसरतात. खाली गॅसचे दिवे पेटवणारा खांद्यावर काठी घेऊन जातो. मध्यरात्रीपर्यंत भजन, पत्ते, भांडण, तान्ह्याचं रडणं, आणि मग ढेकूण. ढेकणांना बॉम्बे टाइम लागू नाही.

सकाळी ट्रामने निघा. विजेची ट्राम. सहा वर्षांपूर्वीपर्यंत मुंबईच्या ट्रामला घोडे होते, आता वर तार आणि खाली रूळ. घंटा ठणठणते, बैलगाडीवाला हटत नाही, ट्रामवाला शिव्या देतो, बैल विचार करतो. पायधुनीवरून कुलाब्याकडे जाणारी पकडा. क्रॉफर्ड मार्केटला मात्र उतराच. दारावर दगडात शेतकरी कोरलेत, लॉकवुड किपलिंग नावाच्या चित्रशाळेच्या मास्तरांची कल्पना. आत शिरलात की मे महिना खऱ्या अर्थाने भेटतो. गवताच्या पेट्यांतून हापूस. वास इतका दाट की जिभेवर उतरतो. पलीकडे पक्ष्यांचा बाजार, पिंजऱ्यांतली किलबिल, त्याच्याही पलीकडे मासळीचा उग्र दर्प. सेलूची नाकं इथे रुमाल शोधतात. भाव विचारा, पण दचकू नका. तो कलदारात आहे. मनातल्या मनात हालीत करायला जाल, तर आंबा गोड लागणार नाही.

रस्त्यावर माणसं ओळखायची असतील तर चेहरे बघू नका, डोकी बघा. पारशाची काळी चकचकीत उंच टोपी, बोहऱ्याची जरीकाठी पांढरी, भाटियाचं लाल पागोटं, मारवाड्याचं रंगीत, पुणेरी पगडी, कोळ्याची लाल टोपी, अरबाचा रुमाल, साहेबाची हॅट. प्रत्येकाची जात, धंदा आणि पत डोक्यावर बांधलेली आहे. तुमचा फेटा बघून फळवाल्याने तुम्हाला केव्हाच 'मोगलाईतले', म्हणजे निजामाच्या मुलखातले, म्हणून ओळखलंय, म्हणूनच त्याने दोन आणे जास्त सांगितले. त्याच्याशी आपल्याकडची अदबशीर उर्दू बोलून बघा. तो गोंधळेल. मुंबईच्या हिंदीत 'आप' फारसा वापरात नाही.

पुढे फ्लोरा फाउंटन, मैदान, आणि त्यापलीकडे राजाबाई टॉवर, 280 फूट. टोले पडतात तेव्हा मैदानातले क्रिकेटवालेही क्षणभर वर बघतात. हा टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या पैशाने उभा राहिला आणि त्याला त्यांनी आपल्या आईचं नाव दिलं. तो पैसा कापसाचा. अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. नंतर तो बाजार कोसळला, भलेभले पेढीवाले बुडाले, खुद्द प्रेमचंदही. टॉवर मात्र उभा राहिला. त्याच्या सावलीत बसून धपाटा खा आणि आपल्या शिवारातल्या बोंडांचा विचार करा.

कुलाब्याला उतरलात की तुमच्या ओळखीची मंडळी भेटते. कॉटन ग्रीन. उघड्या मैदानावर गाठींच्या थप्प्या, जिकडे बघाल तिकडे. वाडीबंदरच्या बाजूने भर शहरातून बैलगाड्या गाठी ओढत इथे येतात, सगळा रस्ता अडवतात. हवेत तेच तंतू, गालाला तेच चिकटतात. वासही फलाटावरचाच, त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. दलाल गाठीची शिवण उसवतो, चिमूटभर कापूस ओढतो, दोन अंगठ्यांच्या मध्ये तंतू ताणून त्याची लांबी बघतो. बोलत नाही. वर्षभराची पेरणी, निंदणी, वेचणी त्या दोन अंगठ्यांच्या मध्ये मावते.

मग सौदा. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात देतात आणि वर रुमाल टाकतात. रुमालाखाली बोटं बोलतात. एक बोट धरलं, दोन सोडली, तळवा दाबला. चेहरे कोरे. भोवती वीस माणसं उभी, पण भाव फक्त दोघांना कळतो. तुम्ही कितीही वाकून बघितलंत तरी रुमाल दिसेल आणि त्याखाली काहीतरी वळवळताना दिसेल. सौदा खंडीवर, म्हणजे दोन गाठींवर ठरतो. रुमाल उचलला, संपलं. मैदानात पडलेला कापूस बायका वाकून वेचतात आणि ओच्यात भरतात.

आता अपोलो बंदर. मोठी कमान शोधू नका, ती अजून व्हायची आहे. ताजमहाल हॉटेल आहे, दहा वर्षांचं. दारावरच्या शिपायाकडे बघून सलाम करा आणि पुढे चला. मरीन ड्राइव्हही विचारू नका, तिथे पाणी आहे. सरळ कठड्याशी जा. सेलूच्या दुधना नदीला कितीही पूर आला तरी पलीकडचा काठ दिसतो. इथे बंदरातल्या गलबतांपलीकडे डोंगर दिसतात, पण बाजूने मोकळ्या पाण्याकडे नजर टाकलीत की काठ नावाची वस्तूच नाही. एक लाट फुटते, ओठांवर मीठ येतं. जीभ फिरवून बघाल, सगळेच बघतात.

बंदरात आगबोट उभी आहे. काठावरचा खलाशी सांगेल, जपानी कंपनीची आहे, कापूस भरून कोबेला जाते. हिंदुस्थानच्या कापसाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आता जपान आहे. वाटेत कोलंबो लागतं, सिंगापूर लागतं, हाँगकाँग लागतं. सिंगापूरही बेटच, तिथेही गोदी, तिथेही साहेब, तिथेही अशीच गर्दी, असं तो म्हणतो. फक्त तिथे पाऊस बारा महिने. तुमच्या मनात येईल, चढावं का? पण तुमच्याकडे परतीचं तिकीट आहे. गाठीकडे नाही. तिला पुढे जायची सक्ती आहे.

संध्याकाळी गिरगावात परत या. आज शनिवार, मेची तीन तारीख. सँडहर्स्ट रोडवर कॉरोनेशन नावाचं थिएटर आहे, तिथे लोटलेल्या गर्दीत शिरा. फाळके म्हणून कोणी गृहस्थ आहेत, दादरला राहतात, त्यांनी हलणारी चित्रं काढलीत. साहेबाची नाहीत. राजा हरिश्चंद्राची.

आत भट्टी आहे. अत्तर, घाम, विड्या, केसांचं तेल. आधी विलायती नाच, कसरती, विनोदी नकला होतात, पब्लिक चुळबुळतं. मग दिवे जातात. मागे यंत्र घरघरायला लागतं, उजेडाचा झोत धुरातून पुढे जातो, आणि पडद्यावर राजा आपल्या मुलाला, रोहिदासाला, बाण मारायला शिकवतो. हलतो! हात वर करतो! तुमच्या शेजारचा माणूस पुढच्याच्या खांद्याला धरून उभा राहतो, त्याला मागचे खाली ओढतात. आवाज नाही, पण थिएटर गप्प नाही. लिहिलेली पाटी आली की वाचता येणारे मोठ्याने वाचतात आणि बाकीचे त्यांना "काय म्हणतो, काय म्हणतो?" करत राहतात. तारामतीचं काम साळुंके नावाच्या माणसाने केलंय, आधी खाणावळीत काम करणाऱ्या. मनगट बघून तुम्हाला कळेल. बाकी कोणाला त्याचं काही वाटत नाही, संगीत नाटकांनी त्यांचे डोळे केव्हाच तयार केलेत. रोहिदास डोळे मिटतो तेव्हा जनाना भागातून हुंदके येतात. तुम्ही आयुष्यात हजार सिनेमे बघितलेत, रंगीत, बोलके, खिशात मावणारे. तरी घसा दाटेल. गर्दीत रडणं लागण होऊन येतं.

परतीला स्टेशनच्या घड्याळाने निघा. चाळीतल्या लोकांना उरलेला ठेचा ठेवून या, तो मागितला जाईलच. उरलेले कलदार शिल्लक ठेवू नका, हालीत बदलताना पुन्हा बट्टा बसेल. त्यापेक्षा पोरांना पत्र्याची शिट्टी आणि घरात एक आरसा घ्या.

मनमाडला मोठी गाडी सोडून आपल्या छोट्या गाडीत चढलात की अंग ओळखीच्या उन्हात येतं. घाम वाळतो. डब्यात भाषा सैल होते. औरंगाबादनंतर समोर एक शेतकरी येऊन बसतो, मांडीवर गाठोडं, फेटा तुमच्यासारखाच. परतूरकडचा आहे. वीस एकर कापूस होता म्हणतो, सगळा गेला, आडत्याने हिशेब अजून दिला नाही. तुम्ही मुंबईहून आलात हे कळताच तो सरसावून बसतो. समुद्र विचारत नाही, ट्राम विचारत नाही, सिनेमाचं तुम्ही सांगायला जाता ते त्याच्या कानावरून जातं.

"ते असू द्या," तो म्हणतो, "कापसाच्या बाजारात गेलते का?"

गेलो होतो, तुम्ही सांगता.

"मंग भाव काय फुटला?"

"दिसला नाही," तुम्ही म्हणता. "रुमालाखाली होता."

तो तंबाखूची चिमूट गालात ठेवतो आणि मान हलवतो. "मंग मुंबईला जाऊन आपल्यासारखंच झालं की तुमचं. आमालाबी इथूनच दिसत नाही."